अपठित उताऱ्याचा शेवट

आमच्या शाळेत कागद झेरॉक्सला पाठवण्याआधी त्याचं डोकं आणि पाय कापायची पद्धत होती. डोकं म्हणजे पानाची वरची पट्टी, जिच्यावर पुस्तकाचं किंवा मासिकाचं नाव असतं. पाय म्हणजे खालची, जिच्यावर पानाचा आकडा आणि बऱ्याचदा लेखकाचं नाव. दोन्ही कात्रीने उडवायचं, मधला मजकूर कोऱ्या कागदावर डिंकाने चिकटवायचा आणि वर आपल्या अक्षरात 'खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा' असं लिहून द्यायचं. मी नोकरीला लागले तेव्हा एका ज्येष्ठ बाईंनी मला हे शिकवलं. कारणंही सांगितली. एक तर कागद मापात बसतो, आणि दुसरं म्हणजे उतारा कुठला ते पोरांना कळलं तर ती मूळ पुस्तक शोधून वाचून येतात. पोरं पुस्तक शोधून वाचतील अशी भीती बाळगणारे शिक्षक एके काळी होते, हे आज कोणाला खरं वाटणार नाही.

मी विश्रांतवाडीच्या एका शाळेत मराठी शिकवते. मराठीच्या पेपरात अपठित उतारा असतो. अपठित म्हणजे पाठ्यपुस्तकाबाहेरचा, मुलांनी आधी न वाचलेला. दर परीक्षेला तो नवा लागतो, त्यामुळे मराठीचा शिक्षक रद्दीच्या गठ्ठ्याकडेसुद्धा पेपर काढायच्या नजरेने बघतो. माझ्याकडे एक हिरवी बॉक्स फाईल होती. रविवारच्या पुरवण्या, दिवाळी अंक, पतपेढीची स्मरणिका, एकदा तर फरसाणाच्या पुड्याचा कागद, असं पंचवीस-सव्वीस वर्षांचं त्यात साठलं होतं. त्या फायलीत एकाही माणसाचं नाव नव्हतं. चोरी हा शब्द माझ्या मनात कधी आला नाही. आपण कुठे विकतोय, पोरांसाठीच तर आहे, असं म्हणायचं आणि पुढचा कागद कापायला घ्यायचा, असं आम्हा सगळ्यांचंच चाललं होतं.

तीन वर्षांपूर्वी माझा नवरा गेला. सकाळी, हृदयविकाराने, घरातच. तेराव्यानंतर चार दिवसांनी मी शाळेत हजर झाले. स्टाफरूममध्ये सगळ्या म्हणाल्या, बाई मोठ्या धीराच्या. धीराचा काही संबंध नव्हता. दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं सगळ्या अंगाचं झालं होतं. भाजी चिरताना बोट कापलं तर रक्त दिसल्यावर कळायचं. मी रडले नाही, आणि रडत नाही याचंही मला काही वाटलं नाही. मुलगा बंगळूरला असतो. तो रोज फोन करायचा आणि मी रोज त्याला जेवले म्हणून सांगायचे.

अशात मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावून घेतलं. आमच्या संस्थेच्या चार शाळा आहेत. चारही शाळांत चालेल असं सहावीसाठी अपठित उताऱ्यांचं पुस्तक संस्थेला काढायचं होतं, आणि माझी फाईल सगळ्यांना ठाऊक होती. तुम्हीच करा, तेवढंच मन गुंतून राहील, असं त्या म्हणाल्या. आपल्याकडे माणूस गेल्यावर महिनाभराने जो तो दुसऱ्याचं मन कशात तरी गुंतवायला निघतो. मी हो म्हटलं. तेव्हा मला कोणी शाळेच्या सगळ्या खुर्च्या मोजून या म्हटलं असतं तरी मी मोजल्या असत्या.

संस्थेच्या समितीची एक अट होती: उतारे सकारात्मक हवेत. आदल्या वर्षी एका पालकाने तक्रार केली होती की परीक्षेत आजी वारल्याचा उतारा आला आणि त्यांचा मुलगा पेपर सोडून रडत बसला. त्यामुळे मरण नको, दारू नको, भांडण नको. आजार चालेल, पण बरा होणारा. शाळेतून आल्यावर मी जेवणाच्या टेबलावर कात्री, डिंक आणि फाईल घेऊन बसायचे. ज्या उताऱ्यात कोणी मरत होतं त्याच्या पायांबरोबर मी गुडघेही कापले. आजोबा वारले तिथे आजोबा गावी राहायला गेले, असं लिहिलं. कुत्रा मेला तिथे शेजारच्या काकांनी तो आपल्या शेतावर नेला. कापलेले तुकडे केराच्या डब्यात आणि डबा सकाळी कचऱ्याच्या गाडीत. नवरा जाऊन दोन महिने झालेली बाई ओळीने लोकांची मरणं कापत बसली होती, आणि तिला राग यायचा तो फक्त डिंकाची बाटली सुकली की.

त्यात एक उतारा होता तो एका मुलीचा. नोकरीच्या पहिल्या एक-दोन वर्षांत, शिक्षकांच्या एका मंडळाच्या छोट्याशा दिवाळी अंकातून मी तो काढून ठेवला होता. खेड्यातला एक मास्तर तापाने फणफणलेल्या आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला सायकलवर पुढे बसवून सरकारी दवाखान्यात नेतो. तिला ग्लानी येऊ नये म्हणून वाटेत तिच्याकडून पाढे म्हणून घेतो. एकोणतीसच्या पाढ्यात ती अडखळते, मास्तर सवयीने तिला दुरुस्त करतो, आणि एवढ्या तापातही आपण तिला दुरुस्त केलं म्हणून त्याचं त्यालाच वाईट वाटतं. पुढे दवाखाना, आणि मग शेवटचा परिच्छेद, ज्यात मुलगी जाते. तो चार-पाच ओळींचा परिच्छेद मी कापला. त्या जागी लिहिलं, 'आठ दिवसांत मुलगी बरी झाली आणि पुन्हा अंगणात खेळू लागली.' त्याच्या खाली पाच प्रश्न काढले. पाचवा प्रश्न होता, 'लेखकाला आनंद का झाला?' त्याला दोन गुण.

पुस्तक निघालं. चारही शाळांत सक्तीचं झालं, मागच्या पानावर किंमत आली, आणि पुढे 'संकलन' या शब्दाखाली माझं नाव. आयुष्यात माझं नाव छापलेलं मी दोनदा पाहिलं, एकदा लग्नपत्रिकेवर आणि एकदा तिथे. मुलाला फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

दुसऱ्या वर्षी शाळेच्या पत्त्यावर माझ्या नावाने एक पाकीट आलं. आत रेघांच्या वहीचा कागद होता, त्यावर शिक्षकी वळणाचं ठसठशीत अक्षर. मजकूर असा होता: 'आपल्या पुस्तकातील सायकलवरच्या मुलीचा उतारा माझा आहे. माझी नात आपल्या संस्थेच्या वाघोलीच्या शाळेत शिकते. तिने मला पाचव्या प्रश्नाचे उत्तर विचारले, ते मला सांगता आले नाही. तो प्रश्न कृपया काढावा. माझ्याकडचा अंक राहिला नाही. मूळ उताऱ्याचा शेवटचा परिच्छेद आपल्याकडे असेल तर त्याची प्रत मिळावी, ही विनंती.' खाली सही, आणि सहीखाली 'निवृत्त प्राथमिक शिक्षक, लोणी काळभोर'.

मी पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून पर्समध्ये ठेवलं. पुढचा तास सातवीवर होता, तो घेतला. घरी येऊन फाईल उघडली. कात्रण होतं. मजकूर दवाखान्याच्या पायरीपाशी येऊन थांबत होता आणि त्याखाली कात्रीची सरळ कड होती. माझा हात कात्रीला चांगला आहे. डिंक सुकून कात्रण सुटलं होतं; त्याच्या मागे कुठल्याशा सतरंजीच्या दुकानाची अर्धी जाहिरात होती. मी तो कागद उजेडात धरून पाहिला, जसं काही त्यात आणखी काही दिसणार होतं.

दुसऱ्या दिवशी पत्र मुख्याध्यापिका बाईंना दाखवलं. 'उतारा माझा आहे' एवढं वाचलं आणि त्यांनी फोन उचलला. संस्थेच्या कार्यालयातही सगळे तेवढ्याच वाक्यावर थांबले. म्हाताऱ्याला नुकसानभरपाई हवी असणार, तो कोर्टात जाणार, बातमी होणार, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. एका विश्वस्तांनी सुचवलं की सगळ्या प्रतींतलं ते पान फाडून टाका, प्रश्नच मिटला. पत्रात माणसाने काय मागितलंय ते मी एकदा सांगून पाहिलं. त्यावर मला सांगण्यात आलं की बाई, सुरुवात अशीच होते.

मग एका शनिवारी चारही शाळांच्या शिक्षकांना कॉपीराइटची कार्यशाळा झाली. वकीलबाई तरुण होत्या आणि त्यांनी सगळं सोपं करून सांगितलं. वर्गात शिकवताना शिक्षकाने एखाद्या मजकुराची नक्कल काढून मुलांना दिली तर कायद्याला चालतं. प्रश्नपत्रिकेत उतारा घातला तरी चालतं. शिकवण्यासाठीच्या पुस्तकात छोटे उतारे घ्यायलाही थोडी मोकळीक आहे, पण तिच्या अटी आहेत आणि आमचं पुस्तक त्या अटींत बसत नव्हतं; सगळेच उतारे दुसऱ्यांचे आणि वर किंमत. एवढी वर्षं आम्ही जे बिनधास्त करत होतो त्यातलं बरंचसं कायदेशीर होतं हे ऐकून स्टाफला इतका आनंद झाला की वडापाव यायच्या आधीच सगळे सैल झाले. एका सरांनी विचारलं, व्हॉट्सॲपवर आलेली कविता कोणाची. जिने लिहिली तिची, असं उत्तर मिळालं. सर म्हणाले की खाली भलत्याच मोठ्या माणसाचं नाव असतं. मग त्या मोठ्या माणसाचीही नाही आणि तुमचीही नाही, असं वकीलबाई म्हणाल्या, आणि हॉल हसला.

त्यानंतर त्यांनी जे सांगितलं ते कोणी फारसं ऐकलं नाही, कारण वडे आले होते. लेखकाचा आणखी एक हक्क असतो, जो बाकी सगळे हक्क विकून टाकले तरी त्याच्याकडेच राहतो. लिहिलेलं आपलं आहे असं म्हणण्याचा, आणि आपल्या नावाला बाधा येईल अशी त्यात कोणी मोडतोड केली तर तक्रार करण्याचा. मी हात वर केला. मूळ मजकूरच शिल्लक नसेल तर काय करायचं, असं विचारलं. त्यांना वाटलं मी प्रत हरवल्याबद्दल बोलतेय. त्या अगदी सहज म्हणाल्या, "मग लेखकाकडून परत मागून घ्यायचा."

प्रश्न पाचच्या जागी कोरी चिकटपट्टी लावायचं ठरलं, ते काम शिपायांनी चार दिवसांत उरकलं. आणि मी लोणीला जाऊन गोड बोलून लेखी परवानगी आणायची, असं ठरलं. केलंत तुम्ही, निस्तरा तुम्ही, हे कोणी म्हटलं नाही, पण सगळ्यांच्या तोंडावर तेच होतं.

हडपसरला बस बदलून मी लोणी काळभोरला उतरले. हायवे सोडून आत गेल्यावर, एका गोदामामागे, पुढे ओटा असलेलं बैठं घर होतं. गुरुजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, बारीक, पांढरा पायजमा आणि वर बिनबाह्यांचा स्वेटर. मी त्यांना लगेच गुरुजी म्हणायला लागले. दुसरं काही तोंडात आलंच नसतं. सुनेने आतून डोकावून सांगितलं, "दादा, बाईस्नी आत बसवा की, हितं ऊन हाय." आम्ही आत बसलो. मी घरून तयार करून आणलेलं दिलगिरीचं भाषण सुरू केलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, जसं आम्ही पाठांतर ऐकतो तसं, आणि मग विचारलं की परिच्छेद आणलाय का.

बाकीचा उतारा त्यांना पाठ होता. त्यांनी तो मला म्हणून दाखवला, पार दवाखान्याच्या पायरीपर्यंत, एकही शब्द न चुकता. पुढचं त्यांना आठवत नव्हतं. मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी गेली, तेव्हा ते तिच्या उशाशी होते. त्याआधी ती त्यांना काहीतरी म्हणाली होती. ते वाक्य पंधरा वर्षं त्यांच्या डोक्यात रात्रंदिवस होतं; शाळेत शिकवताना, सायकल चालवताना, जेवताना. शेवटी त्यांनी हा लेख लिहिला, ते वाक्य शेवटच्या परिच्छेदात घातलं आणि अंकाला पाठवून दिला. त्यानंतर त्यांना झोप लागायला लागली. अंक पत्र्याच्या पेटीत होता. पेटीला खालून वाळवी लागली ते घर बांधताना कळलं. बायकोला ते वाक्य माहीत होतं, ती सात वर्षांपूर्वी गेली.

"लिहून ठेवलं, म्हणून विसरलो," गुरुजी म्हणाले. "काहीतरी साधंच होतं. साधं होतं एवढं आठवतं."

आयुष्यात दुसरं काही छापून आलं नव्हतं त्यांचं. नातीच्या पुस्तकात आपली सायकल पाहिल्यावर त्यांना राग आला नव्हता, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. उलट त्यांनी पान उलटून शेवट शोधला होता.

मी म्हटलं, फाईल शाळेत आहे, बघते. फाईल माझ्या घरी, टेबलावर, उघडी होती. तो परिच्छेद अस्तित्वात नाही हे मला पत्र आलं त्याच संध्याकाळी कळलं होतं. तरी मी बघते म्हटलं, कारण त्यांच्या तोंडावर पाहून नाही म्हणणं मला जमलं नाही. परवानगीचा विषय मी काढलाच नाही. बसमध्ये बसल्यावर वाटलं, आता आपल्याला वाईट वाटायला हवं. वाट पाहिली. काही आलं नाही.

पुढचे चार महिने मी तो अंक शोधला. शहरातल्या ग्रंथालयांत मोठमोठे दिवाळी अंक बांधून ठेवलेले असतात, पण शिक्षकांच्या मंडळाने पाच-सहा वर्षं चालवून बंद केलेला अंक कोण बांधणार. एका ग्रंथपालांनी नाव ऐकून विचारलं, हा कुठला, आणि मी सांगितल्यावर, तुमच्याशिवाय कोणी वाचला होता का, असंही विचारलं. रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे गुडघ्यांवर बसून ढीग उपसले. मंडळाचे एक जुने कार्यवाह औंधला मुलीकडे राहतात असं कळलं. त्यांच्याकडे तीन वर्षांचे अंक होते, नेमकं ते एक वर्ष नव्हतं. त्यांनी मला चहा दिला आणि आपली स्वतःची कविता वाचून दाखवली.

दर रविवारी मी टेबलाशी बसून आठवायचा प्रयत्न करायचे. मी तो परिच्छेद वाचला होता. पहिल्यांदा काढून ठेवला तेव्हा वाचला असणार, आणि कापला तेव्हा तर नक्कीच, कारण मरण कुठे सुरू होतं ते बघूनच मी कात्री लावत होते. म्हणजे त्या मुलीचं वाक्य जगात शेवटचं वाचलं ते मी. आणि त्यातला एक शब्द माझ्यापाशी उरला नव्हता. सतरंजीची जाहिरात आठवत होती. कात्री कुठल्या रंगाची होती ते आठवत होतं. मला तसे पाच ओळींचे शेवट लिहिता येतात. इतकी वर्षं लोकांचं लिखाण हाताळून मला कोणाच्याही वळणाचं लिहिता येतं. गुरुजींना सापडला म्हणून दिला असता तर त्यांनी कदाचित ओळखलाही नसता. मी एकदा वही उघडून बसले. पहिलं वाक्य लिहिलंही. मग मला माझीच इतकी भीती वाटली की मी ते पान फाडून बारीक तुकडे केले.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा लोणीला गेले. ओट्यावरच सांगून टाकलं. "सापडला नाही, गुरुजी. सापडणारही नाही. मी कापून टाकला. मीच."

सुनेने चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला. मग त्यांनी विचारलं की कापण्याआधी वाचला होता का. वाचला असेन, असं मी म्हटलं. असेन, असं त्यांनी माझ्यामागे म्हटलं, रागाने नाही, चुकीच्या उत्तराखाली शिक्षक रेघ मारतो तसं. का कापला, असं विचारल्यावर मी समितीची अट सांगितली, सकारात्मक वगैरे. सांगता सांगता मला कळेना की मी हे कोणाला सांगतेय. मग मी थांबले आणि नवरा गेल्याचं सांगितलं. त्या दोन महिन्यांत माझ्या मनाला काही लागत नव्हतं हेही सांगितलं. ही सबब नव्हती. दुसरं काही खरं माझ्याकडे नव्हतं.

त्यांनी विचारलं, जाताना काही म्हणाले का. हे मला तोवर कोणी विचारलं नव्हतं, माझ्या मुलानेसुद्धा नाही. मी सांगितलं नवरा काय म्हणाला ते. गुरुजींनी मान हलवली.

"साधंच असतं," ते म्हणाले. "ते लिहून ठेवू नका."

म्हणून ते मी इथेही लिहीत नाही.

मग त्यांनी मला पुस्तक मागितलं. माझ्या पर्समध्ये प्रत होती. त्यांनी पान काढून माझं वाक्य मोठ्याने वाचलं, आठ दिवसांत मुलगी बरी झाली आणि पुन्हा अंगणात खेळू लागली. हे वाक्य तुमचं का, असं विचारलं. हो म्हटलं. ते उठून आत गेले आणि रेघांची वही घेऊन आले. चष्मा लावून, ओळ सोडून, समासासकट त्यांनी लिहिलं: 'सदर उतारा माझा आहे. तो छापील शेवटासह, माझ्या नावाने प्रसिद्ध करण्यास माझी परवानगी आहे.' तारीख घातली, सही केली आणि कागद माझ्यापुढे ठेवला.

मी हात लावला नाही. मी म्हटलं, गुरुजी, शेवट तुमचा नाही, आपण तो काढून टाकू, दवाखान्याच्या पायरीपर्यंतच छापू. त्याखाली तुमचं नाव घालू. कायद्याने तुम्हाला तसं मागता येतं. मी कार्यशाळेत शिकलेलं सगळं त्यांना सांगितलं, लेखकाचा हक्क, मोडतोड, सगळं. त्यांनी तेही शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"दवाखान्याच्या पायरीवर तिला किती वर्षं बसवून ठेवायची, बाई?" ते म्हणाले. "माझा शेवट माझ्याकडे नाही, तुमच्याकडे नाही. आता हाच आहे. राहू द्या."

कागद मी संस्थेत नेऊन दिला. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या की छान झालं, अगदी व्यवस्थित मिटलं. वकीलबाईंनी कागद तपासून योग्य असल्याचं कळवलं. पैसे मागितले नाहीत याचं सगळ्यांना आश्चर्य वाटलं आणि मग कोणाला काही वाटलं नाही. माझी संकलनाची ओळ काढून टाका असं मी लिहून दिलं, तेवढं मात्र झालं नाही, कारण मुखपृष्ठ आधीच छापून ठेवलं होतं.

जूनमध्ये नवी आवृत्ती आली. उताऱ्याखाली बारीक अक्षरात गुरुजींचं नाव होतं. सहावीच्या वर्गात तो उतारा मी इतकी वर्षं कधी वाचून दाखवला नव्हता. अपठित उतारा वाचून दाखवायचा नसतो, तो मुलांनी आपला आपण वाचायचा असतो. या वेळी वाचला. आधी लेखकाचं नाव सांगितलं, ते लोणी काळभोरला राहतात आणि गोष्ट खरी आहे असंही सांगितलं, आणि ते सांगितल्यावर लगेच कळलं की आपण काय करून बसलो. आता थांबता येत नव्हतं. सायकल आली, ताप आला, एकोणतीसचा पाढा आला तेव्हा तीन-चार जणांनी तो पुढे म्हणून दाखवला. दवाखान्याची पायरी आली. मी माझं वाक्य वाचलं आणि पुस्तक मिटलं.

दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. मी म्हटलं, विचार.

"बाई, ती आता केवढी असेल?"

मी हिशेब केला. त्याला वेळ लागला नाही.

"माझ्याएवढी," मी म्हटलं, आणि फळा पुसायचा म्हणून वर्गाकडे पाठ केली. फळा कोरा होता. तास संपल्याची घंटा होईपर्यंत मला वर्गाकडे तोंड करता आलं नाही.